मागची जागा

नवी मोटरसायकल घरी आली की पहिल्या दिवशी पूजा होते, दुसऱ्या दिवशी पेढे वाटले जातात आणि आठवडा उलटायच्या आत घरातलं कुणीतरी वडीलधारं माणूस विचारतं, ‘‘कॅरियर कधी बसवणार?’’ आपल्या भागात मोटरसायकल ही नुसती फिरायला जायची वस्तू कधीच नव्हती. तिच्यावरून खताची पिशवी येते, भाजीचं गाठोडं येतं, गॅसचं सिलिंडर येतं, परीक्षेच्या दिवशी दोन पोरं येतात. आणि तरीही हे कॅरियर कसं असावं याचा विचार आपण करत नाही. दुकानात छताला टांगलेल्यांपैकी एक उतरवून घेतो, चार नट आवळतो आणि मोकळे होतो.

मीही त्यातलीच. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी या कॅरियरपायी जे रामायण घडलं ते पाहिल्यापासून मी रस्त्यात उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीची आधी मागची बाजू बघते.

ताई डिचोलीला दिलेली. भावोजी तिथलेच, घरात कोकणी, देवळात आणि वर्तमानपत्रात मराठी. आमच्याकडे आई बैलहोंगलच्या बाजूची, त्यामुळे आम्हां बहिणींना रागावणं कानडीत आणि समजावणं मराठीत अशी सवय. ताई लग्न होऊन गेली तेव्हा डिचोलीत लाल धूळ होती, पण त्या धुळीबरोबर पैसाही होता. भावोजी खनिज वाहणाऱ्या ट्रकवर होते. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मग काही वर्षांनी थोड्या सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. १६ मार्चपासून यंत्रं बंद. पुढे लिलाव होऊन काही खाणी परत चालू झाल्या, पण तोवर डिचोली-सत्तरीतल्या कितीतरी घरांनी दुसरी वाट धरली होती. ट्रक गेले, ट्रकबरोबर गॅरेजं रोडावली, चहाच्या टपऱ्यासुद्धा मिटल्या.

ताईच्या घराची दुसरी वाट परातीतून निघाली. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत उत्तर कर्नाटकातली बरीच माणसं कामाला. पेडण्यात तुये इथे दुसरी वसाहत, आणि त्या काळात मोपाच्या पठारावर विमानतळाचं बांधकाम जोरात चाललेलं. गोव्यात मासे मिळतात, पाव मिळतो, पण ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी कुठे मिळणार? आईच्या हाताची ‘खडक रोट्टी’ ताईच्या हातात उतरलेली होतीच. २०२१ साली तिने सुरुवात केली. पहाटे भाकऱ्या, दुपारी चटणी. भावोजी आपल्या शंभर सीसीच्या मोटरसायकलवरून माल पोचवायचे. डिचोली, साखळी, मग अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल ओलांडून धारगळ, पेडणे, तुये. महिन्याभरात मागणी इतकी वाढली की खांद्यावरच्या पिशव्या पुरेनात, आणि घरात तो प्रश्न आला, ‘‘कॅरियर बसवायचं का?’’

चुऱ्याची गोष्ट

पहिलं कॅरियर तयार मिळालं तेच घेतलं. दिसायला झकास, काळं चकचकीत. दुकानदाराने सीटमागचा मूळचा हँडल काढला आणि त्याच्याच बोल्टांवर हे चढवलं. मागची दोन टोकं मडगार्डच्या पत्र्याला भोकं पाडून बसवली. त्यावर भला मोठा प्लास्टिकचा क्रेट, दोरीने आवळलेला. भावोजी खूश.

पहिल्याच दिवशी पेडण्याहून फोन आला. अर्ध्या भाकऱ्यांचा चुरा झाला होता. पत्रादेवी ते करासवाडा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम तेव्हा चालू होतं. धारगळच्या पुढे रस्ता कुठे उकरलेला, कुठे वळवलेला. ताईने क्रेटमध्ये गोधडी घातली. चुरा थोडा कमी झाला, संपला नाही. गिऱ्हाईक गमतीने म्हणू लागलं, ‘‘आज रोट्टी आणलीय की रवा?’’ चुरा परत यायचा तो ताई ताकात भिजवून घरच्यांना वाढायची. आठवडाभर भाच्याने निमूट खाल्लं, आठव्या दिवशी ताट सरकवलं.

दुसरी गोष्ट चवथीच्या आधीची. दर वर्षी चवथीपूर्वी ताई-भावोजी मोटरसायकलवरून बेळगावला येणार, येताना नारळ आणणार, हा आमचा नेम. डिचोलीहून साखळी, केरी, मग चोर्ल्याचा घाट, कणकुंबी, जांबोटी आणि बेळगाव. त्या वर्षी नव्या कॅरियरच्या भरवशावर भावोजींनी चाळीसेक नारळांचं पोतं मागे बांधलं. पुढे स्वतः, मधे ताई, तिच्या मागे पंचवीस किलो. घाटाच्या चढणीला लागल्यावर, भावोजी सांगतात, हँडल हातात असूनही हातात नाही असं वाटू लागलं. वळणावर गाडी वळायच्याऐवजी सरळ जायला बघत होती. एका वळणावर खालून कट्ट असा आवाज आला. मडगार्डचा पत्रा फाटला, कॅरियर मागे झुकलं आणि पोतं सुटलं. नारळ घाटातून घरंगळत गेले.

ताई पडली नाही, एवढंच नशीब. धरायला काही नव्हतं म्हणून तिने भावोजींच्या शर्टाला धरलं होतं. तो शर्ट खांद्यापासून उसवला. माणसं सुखरूप, म्हणून आम्ही त्या नारळांवरून आजही हसतो. पण ती दोघं घरी पोचली तेव्हा आईने दार उघडून ताईचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला.

मेस्त्रींचा प्रश्न

डिचोलीत एक मेस्त्री आहेत. खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकचे हौदे जोडणं, फाटलेले पाटे बदलणं हे त्यांचं काम. पुढे ग्रिल, गेट, जिने असं मिळेल ते करू लागले. मोडकं कॅरियर घेऊन भावोजी त्यांच्याकडे गेले ते ‘जरा वेल्डिंग मारून द्या’ म्हणायला. मी तेव्हा ताईकडे होते, म्हणून सोबत गेले. ताईही होती.

मेस्त्रींनी मोडकं कॅरियर हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि बाजूच्या भंगारात ठेवलं. मग म्हणाले, ‘‘वजन पयलीं खंय बसतलें तें सांग, मागीर लोखंड कापूंया.’’ वजन आधी कुठे बसणार ते सांगा, लोखंड नंतर. आणि त्यांनी जमिनीवर खडूने दोन चाकं काढून आम्हांला जे समजावलं ते मला शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला समजलं नव्हतं.

मोटरसायकल म्हणजे मुलांच्या बागेतली तोल-फळी. मागच्या चाकाचा आस हा तिचा टेकू. आसाच्या पुढे ठेवलेलं वजन दोन्ही चाकं वाटून घेतात. आसाच्या मागे ठेवलेलं वजन मात्र पुढच्या चाकाला वर उचलतं. हिशेब सोपा आहे. दोन चाकांतलं अंतर १२५ सेंटिमीटर धरा. आसाच्या मागे ४० सेंटिमीटरवर २५ किलो ठेवले, तर २५ गुणिले ४० भागिले १२५, म्हणजे पुढच्या चाकावरचे ८ किलो कमी झाले. गाडी वळते पुढच्या चाकाने, थांबतेही बरीचशी पुढच्या चाकाने. त्याचंच बळ काढून घेतलं तर ती ऐकणार कशी? त्यात घाटाची चढण आली की वजन आणखी मागे सरकतं. भावोजींच्या हाताला घाटात जे जाणवलं होतं ते हे.

‘‘म्हणजे वजन सीटवर घ्यायला पाहिजे, आसाच्या पुढे,’’ भावोजी म्हणाले. ‘‘क्रेट मागच्या सीटवरच बसवू. झालं.’’

मेस्त्रींनी खडू खाली ठेवला. ताईकडे बघितलं आणि भावोजींना विचारलं, ‘‘आनी बायल खंय बसतली?’’

भावोजी गप्प. ताई पटकन म्हणाली, ‘‘मला काय, मी बसने जाईन. बसने बरंच पडतं.’’

तुम्हांला सांगते, त्याच आठवड्यात आईनेही हाच प्रश्न मला फोनवर विचारला होता. नवीन क्रेट मागच्या सीटवर येणार असं मी तिला सांगत होते, तेवढ्यात ती म्हणाली, ‘‘मगळिगे कूडाक जागा ऐतेन?’’ लेकीला बसायला जागा आहे का? कोकणीत मेस्त्री, कानडीत आई. मराठीत तो प्रश्न विचारायचा राहिला होता तो माझ्याकडून. भाकऱ्या ताईच्या, चटणी ताईची, आणि ज्या गाडीवरून तो माल जातो तिच्यावर ताईलाच जागा नाही, हे मला दिसलंच नव्हतं. ताईला दिसलं असणार, पण तिने ‘बसने बरं पडतं’ म्हणून ते झाकून टाकलं होतं.

कायदा काय सांगतो

भाचा आयटीआयला जाणारा. घरी आल्यावर त्याने नियम शोधून काढले. मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं निम्मं तरी चाक झाकणारी जाळी, म्हणजे आपला साडीगार्ड, या तीन गोष्टी सांगितल्या आहेत. आपल्या बायका एका बाजूला बसतात, पदर आणि ओढणी लोंबते. तो साडीगार्ड म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. तयार कॅरियर चढवताना दुकानदाराने हँडल काढून टाकला होता, आणि तो काढायला आम्हीच मान हलवली होती.

२०२० साली केंद्र सरकारने याच नियमांत मोटरसायकलवरच्या हलक्या पेटीचीही तरतूद केली. पेटीची लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० आणि उंची ५०० यापेक्षा जास्त नसावी. पेटी मागच्या माणसाच्या जागेवर ठेवली तर गाडीवर फक्त चालवणाराच बसू शकतो. ती जागा मोकळी ठेवून पेटी बसवली तरच दुसऱ्या माणसाला परवानगी. म्हणजे मेस्त्रींच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यातही तेच होतं. एका जागेवर एकच, पेटी तरी किंवा माणूस तरी. त्याशिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या कागदावरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हा चासी कापणं किंवा तिच्यावर वेल्डिंग करणं हा विषयच सोडून द्यायचा. जे काही बसवायचं ते बोल्टने बसवायचं, उद्या काढलं तर गाडी पहिल्यासारखी दिसली पाहिजे.

ताईने टेप घेऊन भाकरी मोजली. नऊ इंच, म्हणजे तेवीस सेंटिमीटर. ५१ सेंटिमीटरच्या पेटीत आडव्या दोन ओळी, ५० सेंटिमीटर उंचीत दोन मजले. जणू सरकारने ताईच्याच भाकरीचं माप घेऊन नियम केला होता!

घडण

मग मेस्त्रींनी काम सुरू केलं ते पाहण्यासारखं होतं. आधी पाईपला हातच लावला नाही. बारीक सळई वाकवून गाडीवर आकार करून बघितला. भावोजींना पुढे आणि ताईला मागे बसवलं, गाडी दाबून खाली-वर करायला लावली. मोकळ्या गाडीवर माप घेतलं तर सगळं बसतं, पण माणसं बसली की शॉकअप दबतात, चाक वर येतं आणि कॅरियरचा पाय चाकाला किंवा सायलेन्सरला लागतो. किक मारताना पाय अडतो का, तेही त्यांनी बघितलं. सळईचा आकार पसंत पडल्यावरच पाईप कापला.

पाईप पाऊण इंची, १६ गेजचा. मीटरला पाऊण किलोच्या आतच भरतो. सगळं मिळून आठ मीटर लागला, म्हणजे कॅरियरचं स्वतःचं वजन पाच-सहा किलो. भावोजींना जाड पाईप हवा होता, ‘एकदाचं मजबूत’ म्हणून. मेस्त्री म्हणाले, जाडी नको, तिरका आधार हवा. चौकोन हलवला तर तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. म्हणून सीटच्या दोन्ही बाजूंना पाईपचे त्रिकोण केले. त्यांचं एक टोक शॉकअपच्या वरच्या बोल्टला, दुसरं मागच्या फूटरेस्टच्या बोल्टला, तिसरं सीटमागच्या मूळच्या हँडलच्या जागी. पत्र्याच्या मडगार्डला एकही बोल्ट नाही. वाकवताना पाईप चेपू नये म्हणून आत कोरडी वाळू ठासून भरली. गाडीवर फक्त टाके मारून आकार पक्का केला, तोही बॅटरीची वायर सोडवून. पुरं वेल्डिंग कॅरियर गाडीवरून उतरवून.

गोव्याच्या पावसाची त्यांना धास्ती. वरून रंग राहतो आणि पाईप आतून गंजत जातो, आणि मोडतो तेव्हाच कळतं. म्हणून पाईपची वरची तोंडं बंद केली, सगळ्यांत खालच्या जागी बारीक छिद्रं ठेवली, म्हणजे आत शिरलेलं पाणी निघून जाईल. मग रेड ऑक्साइड आणि त्यावर काळा रंग.

आता चुऱ्याचं काय? भावोजींनी ट्रकची जुनी ट्यूब आणली होती, बोल्टांखाली रबर घालायला. मेस्त्रींनी ती ठेवून घेतली, पण बोल्टांखाली घातली नाही. रबर दबत जातं, नट ढिला होतो आणि मग सगळंच खुळखुळतं. गाडी आणि कॅरियर यांच्यामध्ये लोखंडाला लोखंड, घट्ट. कॅरियर आणि पेटी यांच्यामध्ये रबर. त्यांचं सूत्र एवढंच, ‘‘लोखंडाक घट्ट, डब्याक मोव.’’ संसारालाही लागू पडेल असं मला वाटलं, पण मी बोलले नाही.

उरलेला उपाय ताईने सांगितला. ती म्हणाली, ‘‘काचवाला काचा कधी आडव्या रचतो का? उभ्या रचतो. माझ्या भाकऱ्या आडव्या का?’’ तेव्हापासून भाकऱ्या उभ्या जातात, पंचवीसची चवड सुती कापडात बांधून, मधल्या फटीत कागद कोंबून. चटणीच्या बरण्या जड, त्या वर ठेवायच्या नाहीत. त्या दोन बाजूंच्या पिशव्यांत, खाली, दोन्हीकडे पाच-पाच किलो. उतरवतानाही एकदा उजवीकडची, एकदा डावीकडची. हे शहाणपण आपल्या गवळ्यांकडे आहेच. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून दूध घालणारा जाणता गवळी एकच कॅन रिकामा करत नाही, आलटून पालटून ओततो.

आणि बायल खंय बसतली? मेस्त्रींनी कॅरियरचे दोन भाग केले. सीटमागचा छोटा भाग कायमचा, त्यात धरायला हँडल. सीटवरचा मोठा भाग पाईपमध्ये पाईप सरकवून बसणारा, दोन खिळी काढल्या की सुटणारा. सोमवार ते शनिवार तिथे पेटी. रविवारी मोठा भाग भिंतीला टांगलेला आणि सीट ताईची. साडीगार्ड जिथल्या तिथे, दिवा आणि नंबरप्लेट दोन्ही उघडे. शेवटी त्यांनी पांढऱ्या रंगाने आतल्या पाईपवर दोन आकडे लिहिले. मोठ्या भागावर २५, मागच्या छोट्या भागावर ५. किलो.

पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सगळे नट परत आवळायचे आणि पुढे दर रविवारी एकदा पान्हा फिरवायचा, ही ताकीद वेगळी. भार वाढला की मागच्या टायरची हवा किती, तेही गाडीच्या पुस्तकात बघून ठेवायला सांगितलं. आम्ही ते पुस्तक पहिल्यांदाच उघडलं.

रविवारची उधारी

चुरा थांबला. अगदी थांबला नाही, पण पेटीमागे पाच-सहा भाकऱ्यांवर आला, आणि तेवढा चुरा ताकात चालतो. पण खरा फायदा झाला तो दुसरीकडे, आणि तो मेस्त्रींच्या खडूच्या हिशेबात नव्हता.

भावोजी माणूस भिडस्त. माल पोचवायचे, पण पैसे मागायला जीभ रेटायची नाही. पेडण्याकडच्या खानावळींत उधारी साठत गेली होती. रविवारी सीट रिकामी झाली तशी ताई म्हणाली, ‘‘अहो, चला, मला तरी दाखवा माझ्या भाकऱ्या कोण खातं.’’ पहिल्या रविवारी ती वही घेऊन गेली. तुयेला एका खानावळीत भांडी घासणारी बाई बैलहोंगलकडचीच निघाली. दोघी कानडीत अर्धा तास बोलल्या. भावोजी बाहेर चहाचे दोन कप पिऊन उभे. ताई आत गेली ती उधारी घेऊन आणि आठवड्याला पन्नास भाकऱ्यांची नवी मागणी घेऊन बाहेर आली. मालकाला पैसे मागायला तिला मराठी लागलं, मागणी मिळवायला कानडी, आणि परत येताना भावोजींची चेष्टा करायला कोकणी.

मोपाचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन होऊन जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. बांधकामावरची पुष्कळ माणसं पांगली, तशी तिकडची मागणी घटली. पण तोवर वहीत इतर नावं चढली होती. रविवारच्या फेऱ्यांनी ती मिळवलेली.

आता गोव्यात गेले की मी बघत बसते. टोपलीवर निळं प्लास्टिक ओढून पोंय-पोंय भोंगा वाजवत जाणारा पोदेर. मासळीचे क्रेट बांधलेली स्कूटर. हरमल-मांद्र्याकडे बाजूला सर्फिंगची फळी अडकवलेल्या गाड्या. पिवळ्या मडगार्डचे मोटरसायकल पायलट, ज्यांचा माल म्हणजे मागे बसलेलं माणूसच. प्रत्येकाच्या मागच्या जागेवरून त्याचं घर कशावर चालतं ते कळतं. आणि पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन धावणारी ती खाणं पोचवणारी पोरं दिसली की वाटतं, यांच्या गाडीला कुणी कॅरियर केलेलं नाही, म्हणून यांची पाठच कॅरियर झाली आहे.

गेल्या चवथीआधी ताई-भावोजी आले. नारळ पाचच. बाकीचे आदल्या दिवशी बसने पाठवले होते. जाताना आईने नेहमीप्रमाणे रविवार पेठेतून आणलेली ज्वारी काढली, वीस किलो, आणि पोतं बांधायला दोरी घेऊन गाडीजवळ गेली. इतक्या वर्षांत भावोजींनी सासूबाईंना कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी खाली वाकून त्यांनी पाईपवरचा पांढरा आकडा दाखवला. ‘‘आई, पाच. मेस्त्रींनी लिहून दिलंय.’’

आईने चष्मा वर करून आकडा वाचला. पोतं परत घरात गेलं. पाच किलोची पिशवी मागे बांधली गेली, बाकीची ज्वारी बसने जायची ठरली. ताई पदर खोचून मागे बसली आणि हँडलला हात घातला. आई म्हणाली, ‘‘सावकाश होग्री.’’

भावोजींना कानडी येत नाही, पण एवढं कळतं. ते म्हणतात, हा शब्द मराठी. आई म्हणते, आमच्या बैलहोंगलचा. वाद अजून मिटलेला नाही. गाडी मात्र सावकाश गेली.